अंगण वाकडं की पाय?



जत्रेत फुगे फोडायच्या दुकानापाशी कधी पाच मिनिटं नुसतं उभं राहून बघा. बंदूक हातात घेतलेल्या माणसाचे पहिले तीन छर्रे वाया गेले की तो काय म्हणतो? "अहो, तुमची बंदूकच वाकडी आहे!" दुकानवाला म्हणतो, "साहेब, बंदूक ठीक आहे, नेम धरा नीट!" आणि भोवतीची मंडळी हसून म्हणतात, "नाचता येईना अंगण वाकडं!"

आता सांगा, तुम्ही कुणाच्या बाजूचे? बहुतेक जण दुकानवाल्याच्या बाजूने हात वर करतील, कारण म्हण आपल्या सगळ्यांना पाठ असते. पण म्हण पाठ आहे म्हणून निकाल देता येतो का? एखादं अंगण खरोखरच वाकडं असू शकतं की! पाय वाकडे की अंगण वाकडं, हे हसून ठरत नाही. ते मोजून ठरवावं लागतं. कसं मोजायचं, ते आज आपण एका जुन्या यंत्रावरून शिकणार आहोत. त्या यंत्राचं नाव आहे स्प्रिंगवर चालणारं हवाई पिस्तूल.

त्याआधी एक ताकीद, आणि ती मी अगदी छडी हातात घेतल्यासारखी देते आहे बरं का! हवाई पिस्तूल हे खेळणं नाही. त्याच्या छर्र्याने डोळा कायमचा जातो. माणूस, पाखरू, कुत्रं, मांजर, कुणावरही ते रोखायचं नाही, रिकामं आहे असं वाटलं तरी नाही. ज्यांना हा खेळ शिकायचा आहे त्यांनी नेमबाजीच्या क्लबात, प्रशिक्षकांच्या नजरेखालीच शिकायचा. आजचा लेख पिस्तूल चालवण्यासाठी नाही, पारख कशी करतात ते समजून घेण्यासाठी आहे.

आत असतं तरी काय?

सायकलचा हातपंप सगळ्यांनी पाहिलेला असतो. नळकांड्यात एक दट्ट्या असतो. तो दाबला की पुढची हवा दाबली जाते आणि बारीक छिद्रातून जोरात बाहेर पडते. स्प्रिंगचं पिस्तूल म्हणजे असाच पंप, फक्त दट्ट्या ढकलणारा हात इथे नसतो, त्याच्या जागी एक दणकट पोलादी स्प्रिंग असते.

आधी नळी किंवा एखादा दांडा ओढून ती स्प्रिंग दाबायची. आतला खटका तिला अडकवून ठेवतो. नळीच्या मागच्या तोंडात शिशाचा छर्रा बसवायचा. मग चाप ओढला की खटका सुटतो, स्प्रिंग दट्ट्याला ढकलते, दट्ट्या हवेला दाबतो आणि ती दाबलेली हवा छर्र्याला नळीतून बाहेर काढते. दारू नाही, ठिणगी नाही, सिलिंडर नाही. जे काही बळ आहे ते चालवणाऱ्याने स्वतःच्या दंडाने स्प्रिंगमध्ये भरलेलं असतं. आहे की नाही गंमत? जत्रेतली फुगे फोडायची बंदूकही बहुतेक वेळा याच जातीची असते.

आता एक मेख आहे. दट्ट्या जड असतो आणि तो मोठ्या वेगाने पळतो. एक वस्तू एका दिशेला पळाली की उरलेलं यंत्र उलट दिशेला सरकतं. होडीतून काठावर उडी मारली की होडी मागे जाते, तसं. मग दट्ट्या टोकाला जाऊन आदळतो आणि पिस्तुलाला दुसरा धक्का बसतो, पहिल्याच्या उलट. ही सगळी गडबड सुरू होते तेव्हा छर्रा अजून नळीतच असतो! म्हणजे चाप ओढल्यावरही, छर्रा बाहेर पडायच्या आत, पिस्तूल थोडं हलतंच. स्प्रिंगच्या पिस्तुलाने नेम धरणं अवघड असतं ते मुख्यतः या कारणाने.

तीन गावांची तीन उत्तरं

इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅम नावाचं कारखान्यांचं शहर आहे. तिथल्या वेब्ली अँड स्कॉट या कंपनीने १९२४ साली पहिलं हवाई पिस्तूल बाजारात आणलं. त्याची रचना जॉन्स्टन आणि फर्न या दोघांची. त्यांनी नळी आणि हवेचं नळकांडं एकापुढे एक न ठेवता एकावर एक ठेवलं. नळीची बिजागरी पुढच्या टोकाला. मागचं टोक सोडवून नळी वर उचलायची आणि पुढे वळवायची, की तीच तरफ होऊन स्प्रिंग दाबते. त्यामुळे पिस्तूल आटोपशीर राहिलं, तरी नळीला पुरेशी लांबी मिळाली. या पिस्तुलात दट्ट्या मागे, म्हणजे चालवणाऱ्याच्या मनगटाकडे पळतो आणि हवा मागच्या बाजूने वर चढून नळीत शिरते. म्हणून चाप ओढला की पिस्तूल आधी किंचित पुढे जातं आणि मग दचकून मागे येतं. पुढे याच घराण्यात ज्युनियर, सीनियर, प्रीमियर, हरिकेन, टेम्पेस्ट अशी बरीच भावंडं जन्माला आली. जुन्या वस्तू जमवणारे लोक आजही त्यांच्या शोधात असतात.

जर्मनीत वाल्थर कंपनीने १९५० च्या दशकात एलपी ५३ नावाचं पिस्तूल काढलं. त्यांनी स्प्रिंग आणि दट्ट्या चक्क मुठीत बसवले! दट्ट्या मुठीतून वर धावतो. हे पिस्तूल बघायला इतकं देखणं, की १९६३ सालच्या 'फ्रॉम रशिया विथ लव्ह' या चित्रपटाच्या जाहिरातीसाठी जेम्स बाँडच्या वेषातल्या शॉन कॉनरीने हातात धरलं ते हेच. फोटो काढायच्या वेळी बाँडचं नेहमीचं पिस्तूल हाताशी नव्हतं. तेव्हा छायाचित्रकार डेव्हिड हर्न यांनी स्वतःचं हवाई पिस्तूल पुढे केलं. २०१० साली लंडनच्या लिलावात त्याच पिस्तुलाला अडीच लाख पौंडांहून जास्त किंमत आली. आता विचार करा, ही किंमत नेमाची होती का? नाही. ती होती नावाची. किंमत आणि गुण हे दोन वेगळे खण आहेत, त्यांची सरमिसळ करायची नाही.

आणि जर्मनीतल्याच ओबेर्नडॉर्फ गावच्या फाइनवेर्कबाउ कंपनीने १९६५ साली मॉडेल ६५ आणलं. त्यांनी त्या धक्क्यावरच इलाज केला. चाप ओढला की नळी आणि नळकांडं मिळून आतला सगळा भाग रुळांवरून सरकल्यासारखा थोडा मागे सरकतो. मूठ मात्र हातात जागच्या जागी. धक्का हातापर्यंत पोचतच नाही म्हणा ना! रास्टाट गावच्या 'डायना' पिस्तुलांपैकी काहींमध्ये वेगळीच युक्ती होती. कुर्ट गिस यांच्या रचनेत दोन दट्टे एकमेकांच्या उलट दिशेला पळतात, म्हणजे एकाचा धक्का दुसरा खाऊन टाकतो.

याच्या अगदी उलट टोकाला इंग्लंडमधलं 'गॅट' हे स्वस्त पिस्तूल. त्यात नळी आत ढकलून स्प्रिंग दाबायची, आणि चाप ओढला की नळीच पुढे उसळायची! जी वस्तू नेमाच्या दिशेला धरून ठेवायची, तीच पळायला लागली तर नेम कसला लागणार? ते पत्र्याचे डबे पाडायला, बुचं उडवायला ठीक. पण त्याला वाईट म्हणू नका हं. ज्या कामासाठी केलं त्या कामाला ते योग्यच होतं. पारखीचा पहिला धडा हाच: वस्तू कशासाठी बनवली होती, ते आधी विचारायचं.

आधी डोळे, मग कान

समजा, एका जाणकारापुढे साठ वर्षांचं जुनं पिस्तूल ठेवलं. तो लगेच नेम धरून बघत नाही. आधी बघतो ते सुरक्षित आहे की नाही. खटका झिजला असेल तर दाबलेली स्प्रिंग आपोआप सुटू शकते. मग नळीच उसळून बोट चेचलं जाईल, नाहीतर छर्रा भलतीकडे जाईल. असं पिस्तूल कितीही सुंदर असो, आधी दुरुस्ती, मग बाकीचं.

त्यानंतर तो स्क्रू बघतो. हो, स्क्रू! स्क्रूची डोकी खरवडलेली, खाचा फाटलेल्या दिसल्या तर समजायचं, कुणीतरी अडाण्याने हे उघडलं होतं. मग तो पोलादावर कोरलेली अक्षरं वाचतो. जुन्या पोलादावर निळसर काळी झाक असते. ती झाक नवीकोरी आणि अक्षरं मात्र पुसट, कडा गोलसर, असं असेल तर कुणीतरी घासूनपुसून पुन्हा मुलामा चढवलाय. चकाकी नवी म्हणजे यंत्र नवं असं होत नाही. उलट जमवणारे लोक अशा पिस्तुलाला कमी भाव देतात.

मग तो नळी बंद करून बोटांनी हळूच हलवून बघतो. सांध्यात खेळ आहे का? नळी दर वेळी त्याच जागी घट्ट बसली पाहिजे. ती प्रत्येक वेळी केसभर वेगळी बसली, तर छर्राही प्रत्येक वेळी वेगळीकडे जाणार. मग नळीच्या आत उजेड पाडून बघतो. चांगल्या नळीच्या आत पिळदार खाचा असतात. त्यांच्यामुळे छर्रा भिंगरीसारखा फिरत जातो आणि म्हणून सरळ जातो. खाचा गंजून गेल्या असतील तर आशा कमी. काही स्वस्त पिस्तुलांची नळी मुळातच आतून गुळगुळीत असते, त्यांच्याकडून पिळदार नळीइतकी अपेक्षा ठेवणं बरोबर नाही.

आणि मग वायसर! तुमच्या आजीला विचारा, रॉकेलचा स्टोव्ह कितीही पंप मारला तरी पेटेना, तेव्हा घरात काय करायचे? पंप बाहेर काढायचा, त्याच्या टोकाचा चामड्याचा वायसर वाळून आकसला असेल तर त्याला दोन थेंब तेल लावायचं, बोटाने जरा फुलवायचा आणि परत बसवायचा. लगेच पंपाला दम यायचा. जुन्या पिस्तुलाच्या दट्ट्यावरही कुठे असा चामड्याचा वायसर असतो, कुठे धातूचं कडं, तर नंतरच्या काळात प्लास्टिकची टोपी. नळीच्या सांध्यालाही एक छोटी चकती असते. ती वाळली किंवा फाटली की हवा बाजूने फुसकन निघून जाते. जाणकार सांध्याजवळ पातळ कागदाची पट्टी ठेवतो. चाप ओढल्यावर पट्टी फडफडली की गळती सापडली!

पण तेल घालतानाही हात आखडता हवा. हवा एकदम दाबली की तापते. सायकलचा पंप भराभर मारून त्याच्या टोकाला हात लावा, गरम लागेल. पिस्तुलात तर हे क्षणात होतं. आत तेल जास्त झालं असेल तर त्या उष्णतेने ते पेटतं, फट् असा मोठा आवाज येतो, धूर दिसतो आणि छर्रा उगीचच जोरात जातो. बघणारा म्हणतो, "वा! काय ताकद आहे!" पण ती ताकद खोटी. एक छर्रा जोरात, दुसरा मध्यम, तिसरा आणखी वेगळा. म्हणून तेल दिल्यानंतरचे पहिले काही छर्रे जाणकार हिशोबात धरतच नाही.

शेवटी चाप. तो फार जड असेल तर ओढतानाच हात हलतो. स्प्रिंगचा काटा लावून चापाला किती ग्रॅम वजन लागतं ते मोजता येतं. आज ऑलिंपिकच्या हवाई पिस्तुलाच्या सामन्यात चापाला किमान ५०० ग्रॅम भार पेलावा लागतो, आणि पिस्तूल दीड किलोपेक्षा जड चालत नाही.

थोडं गणित, घाबरू नका!

सामन्यात हवाई पिस्तुलाचं लक्ष्य १० मीटरवर असतं, आणि त्याच्या मधल्या दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास असतो अवघा ११.५ मिलिमीटर. पट्टीवर मोजून बघा, मोठ्या शर्टाच्या बटणाएवढाच.

समजा, आपल्या जुन्या पिस्तुलाचा छर्रा सेकंदाला १०० मीटर वेगाने जातो. १० मीटर जायला त्याला एक दशांश सेकंद लागेल. तेवढ्या वेळात पृथ्वी त्याला खाली ओढते. किती? सुमारे ४.९ सेंटिमीटर. आता स्प्रिंग थकलेली आहे किंवा वायसर गळतोय म्हणून पुढचा छर्रा ९० मीटर वेगाने गेला असं धरा. त्याला ०.१११ सेकंद लागतील आणि तो सुमारे ६ सेंटिमीटर खाली येईल. दोघांत फरक झाला जवळजवळ ११ मिलिमीटरचा, म्हणजे जवळपास पूर्ण दहाचं वर्तुळ! नेम धरणाऱ्याने काहीही चूक केली नसताना! (हवेचा अडथळा आपण सोडून दिलाय, हिशोब सोपा व्हावा म्हणून.) यावरून काय कळलं? पिस्तुलात जोर किती आहे याला तेवढं महत्त्व नाही, तो जोर दर वेळी सारखा आहे का, याला आहे.

आता दुसरी बाजू. पिस्तुलाच्या पुढच्या टोकाला एक उंचवटा असतो, त्याला माशी म्हणतात. मागे एक खाच असते. माशी खाचेच्या बरोबर मधोमध दिसली पाहिजे. समजा, दोघांमध्ये अंतर २० सेंटिमीटर आहे आणि माशी फक्त १ मिलिमीटर बाजूला दिसली. १० मीटर म्हणजे २० सेंटिमीटरच्या ५० पट. म्हणून चूकही ५० पट, म्हणजे ५ सेंटिमीटर! एका मिलिमीटरने छर्रा दहाच्या वर्तुळातून पार बाहेर. हात ही किती मोठी चूक करू शकतो, ते आलं ना लक्षात?

म्हणजे आपल्याकडे संशयित तीन. हात, पिस्तूल आणि तिसरा छर्रा. छर्रा डमरूसारखा असतो, मधे बारीक. पुढचं डोकं जड आणि मागचा घेर पातळ. तो घेर फुलून नळीतल्या खाचांना घट्ट बसतो. घेर चेपला असेल तर छर्रा तिरका जातो. शिवाय ४.५ मिलिमीटरच्या छर्र्यांतही डोक्याचं माप मिलिमीटरच्या शंभराव्या भागाने वेगवेगळं मिळतं. एखाद्या जुन्या नळीला एका डबीतले छर्रे मानवतात, दुसऱ्या डबीतले मानवत नाहीत. आणि हो, छर्रा शिशाचा असतो आणि शिसं विषारी. क्लबात सराव झाला की साबणाने हात धुतल्याशिवाय खाऊला हात लावायचा नाही.

तिघांची उलटतपासणी

एकाच वेळी तिघांना बदललं तर चोर सापडत नाही. दोघांना तसंच ठेवायचं आणि एकालाच बदलायचं. ही युक्ती वहीत चौकट करून लिहून ठेवा.

आधी मोजायचं काय ते ठरवू. एका कागदावर पाच छर्रे मारायचे. पाच भोकांचा जो पुंजका होईल, त्यातल्या सगळ्यात दूरच्या दोन भोकांमधलं अंतर मोजायचं. बाहेरच्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत मोजून त्यातून एका छर्र्याचा व्यास, ४.५ मिलिमीटर, वजा करायचा. बाहेरून ३९.५ आलं तर पुंजका ३५ मिलिमीटरचा. भोक छर्र्यापेक्षा किंचित लहान दिसतं, पण सगळे कागद एकाच पद्धतीने मोजले की तुलनेला अडचण येत नाही.

इथे बरेच जण फसतात. पुंजका घट्ट आहे पण मधल्या वर्तुळापासून लांब, डावीकडे वर, तर पिस्तूल वाईट का? मुळीच नाही! पिस्तूल उत्तम आहे, फक्त मागची खाच सरकवायला हवी. जिकडे छर्रा न्यायचा असेल तिकडे खाच सरकवायची, झालं. पण भोकं चहूकडे विखुरली आहेत आणि त्यातलं एक योगायोगाने बरोबर मधे पडलंय, तर त्याचं कौतुक करायचं नाही. तो नशिबाचा छर्रा. सारखेपणा आधी, मधोमध नंतर.

मग पिस्तूल तपासायची पद्धत अशी. खोली बंद, वारा नको. मनगट मऊ उशीवर टेकवायचं. पिस्तूल मात्र टेबलावर दाबून धरायचं नाही की शेगड्यात आवळायचं नाही, कारण स्प्रिंगचं पिस्तूल उसळतं आणि कठीण वस्तूवर टेकवलं तर वेगळंच उसळतं. दर वेळी पकड सारखी, ना घट्ट ना सैल. छर्र्यावाचून चाप कधीच ओढायचा नाही, कारण छर्रा नसेल तर दट्ट्याला अडवणारी हवेची गादी तयार होत नाही आणि तो थेट टोकावर आदळून स्वतःचंच नुकसान करून घेतो. पाच छर्ऱ्यांचे पाच कागद करायचे आणि पाचही पुंजक्यांची सरासरी काढायची.

पाचही, बरं का! विकणारा माणूस पुष्कळदा सगळ्यात छान असा एकच कागद दाखवतो आणि म्हणतो, "बघा, एका नाण्याखाली पाचही छर्रे झाकले जातात!" त्याला नम्रपणे विचारायचं, "काका, बाकीचे कागद कुठे आहेत?"

आता उलटतपासणी. समजा, दोन पिस्तुलं आहेत, काळं आणि तपकिरी. दोन नेमबाज आहेत, ताई आणि दादा. छर्रे एकाच डबीतले. काळ्या पिस्तुलाने ताईचा पुंजका ३५ मिलिमीटर, दादाचा ६०. तपकिरी पिस्तुलाने ताईचा ७०, दादाचा ९५. बघा बरं काय दिसतं? पिस्तूल बदललं की दोघांचाही पुंजका ३५ मिलिमीटरने बिघडतो. म्हणजे तपकिरी पिस्तुलात दोष आहे, दादा खोटं बोलत नव्हता. पण पिस्तूल कुठलंही असो, दादाचा पुंजका ताईपेक्षा २५ मिलिमीटरने मोठाच येतो. म्हणजे दादाला सराव हवा, ताईही खोटं बोलत नव्हती. अंगणही वाकडं आणि पायही! मग ताईच्या हातात तपकिरी पिस्तूल देऊन छर्ऱ्यांची डबी बदलायची. पुंजका ७० वरून ४० वर आला, तर पिस्तूलही बऱ्यापैकी सुटलं आणि तिसरा संशयित सापडला.

(खऱ्या मोजणीत आकडे इतके गोंडस येत नाहीत, थोडेफार मागेपुढे होतात. म्हणून तर सरासरी काढायची.)

आणखी एक बारकावा. आधी काळ्या पिस्तुलाने सगळे कागद आणि मग तपकिरी पिस्तुलाने सगळे, असं करायचं नाही. तोवर हात दमतो आणि दमल्याचा दोष बिचाऱ्या तपकिरीच्या माथी बसतो. एक कागद काळ्याने, एक तपकिरीने, असं आलटून पालटून करायचं.

घरी करून बघा

हे सगळं पिस्तुलाशिवाय, अगदी अंगणात करता येतं. दोन रबरी चेंडू घ्या, एक गुटगुटीत गोल आणि एक जुना, चपटलेला. भिंतीवर कोळशाने वर्तुळ काढा (घरच्यांना विचारून!). चेंडू खडूच्या भुकटीत घोळवून पाच पावलांवरून पाच वेळा फेका आणि ठशांचा पुंजका सुतळीने मोजा. मग चेंडू बदला, मग मित्र बदला. आळीपाळीने फेका. पाच पाच फेऱ्या झाल्या की वहीत चार रकाने करून सरासरी लिहा. आमच्या चौथीच्या वर्गाने हे केलं तेव्हा सुरुवातीला खूप भांडणं झाली. "बाई, त्याला चांगला चेंडू मिळाला!" पण रकाने भरल्यावर भांडण आपोआप थांबलं, कारण आकडा कुणाचा मित्र नसतो आणि कुणाचा शत्रूही नसतो.

हवाई पिस्तुलाची नेमबाजी १९८८ च्या सोल ऑलिंपिकपासून ऑलिंपिकमध्ये आहे. २०२४ साली पॅरिसला मनू भाकरने याच प्रकारात कांस्यपदक मिळवलं आणि नेमबाजीत ऑलिंपिक पदक जिंकणारी ती पहिली भारतीय महिला ठरली. मग सरबज्योत सिंगबरोबर मिश्र जोडीतही तिने दुसरं कांस्य आणलं. आज अशा खेळाडूंच्या पिस्तुलात स्प्रिंग नसते, आधीच दाबून भरलेली हवा असते. त्यामुळे दट्ट्याचा धक्का जवळजवळ नाहीसा झाला आहे. पण पारखायची रीत तीच राहिली. पुंजका मोजा, एकच गोष्ट बदला, पुन्हा मोजा.

आणि ही रीत फक्त पिस्तुलाला लागू नाही. एका चाचणीत मार्क कमी पडले की आपण पटकन म्हणतो, "हा ढ आहे." एक चाचणी म्हणजे एक छर्रा. त्या दिवशी ताप असेल, प्रश्न नीट छापलेला नसेल, बाईंनी धडा घाईत शिकवला असेल. एका छर्ऱ्यावरून पिस्तूल भंगारात टाकत नाहीत, मग मुलाला कसं टाकायचं? दुसऱ्या बाजूला, पंचवीस छर्रे मारूनही पुंजका सुधारत नसेल तर "पेपरच अवघड होता" हे पालुपदही पुरे. तेव्हा मुकाट्याने सरावाला बसायचं.

तुमच्या चेंडूच्या प्रयोगाचे आकडे पोस्टकार्डावर लिहून अंकाच्या पत्त्यावर पाठवा. सगळे आकडे पाठवा हं, फक्त सगळ्यात छान आलेला एक नको!

तुमच्या
बाई